मोटारीला दुलई, आक्काला गारठा

दिवाळीच्या अंकात एका शाळामास्तरणीने भिंती, फटी आणि अस्तरे यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशी घरे आता गल्लोगल्ली झाली आहेत. आणि लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी ऐन हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या आयाही थोड्याथोडक्या नाहीत. माझी थोरली बहीण त्यांतलीच एक. तेव्हा ही कुरबुर केवळ माझ्या घरची नव्हे.

माझा भाचा मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. जानेवारीत तेथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. त्याच्या घराला लागूनच मोटारीचे गॅरेज आहे आणि गॅरेजच्या माथ्यावर एक प्रशस्त खोली. पाहुण्यांची खोली तीच. पाहुणे म्हणजे कोण, हे वाचकांनी ओळखले असेलच! गेल्या हिवाळ्यात आक्का तेथे चार महिने राहिली आणि गुडघ्यांचे दुखणे घेऊन परतली. "खोली चांगली गं," ती मला म्हणाली, "पण खालची जमीन अशी गार, की अंथरुणातून पाय काढवत नसे. सांगायचं कुणाला? पोरगं बिचारं रात्रंदिवस राबतं." पायांत दोन-दोन मोजे चढवून ती नातवाला कुशीत घेऊन निजत असे.

आता भाच्याने घराची दुरुस्ती काढली आहे. परवा फोनवर मोठ्या उत्साहाने म्हणाला, "मावशी, या खेपेस गॅरेजला पक्कं अस्तर घालतो. नवा जाड दरवाजा, बाहेरच्या भिंतींत काचतंतूंच्या गाद्या, कोपऱ्यात हीटर. सकाळी गाडी कशी उबदार मिळेल!" मी विचारले, "आणि आक्काच्या खोलीच्या जमिनीचं काय?" तो म्हणाला, "ते पुढच्या वर्षी बघू."

माझे भांडण आहे ते या 'पुढच्या वर्षी'शी.

मी पडले मॅट्रिक झालेली बाई. इंजिनियर भाच्याला शिकवण्याचा माझा अधिकार नाही, हे मला मान्य आहे. पण ऊब कोणीकडे पळते हे समजायला पदवी कशाला हवी? गॅरेजचा दुहेरी दरवाजा सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. तो एकदा वर गेला की आतली सगळी ऊब अंगणात जाते. त्याच्या कडांशी आणि तळाशी फटी राहिल्या तर फळ्या कितीही जाड असोत, उपयोग बेताचाच. अशा जागी हीटर लावणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. शिवाय रस्त्यावर टाकलेले मीठ बर्फाबरोबर गाडीच्या पोटाला चिकटून घरी येते आणि उबदार गॅरेजात ते वितळले की पत्र्याला अधिकच लवकर खाते. म्हणजे ज्या गाडीचे लाड करायचे, तिचेही त्यात धड कल्याण नाही.

खरी थंडीची सीमा गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीशी नसते. ती गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीशी, आणि गॅरेजच्या छताशी असते. अस्तर पहिल्याने तेथे हवे. त्या छतात गाद्या नुसत्या कोंबून भागत नाही. त्या खाली लोंबतात, वरच्या फळ्यांशी त्यांचा स्पर्श सुटतो आणि मधल्या पोकळीतून गार वारा खुशाल फिरतो. काचतंतूंची गादी ऊब अडवते, वारा अडवीत नाही. म्हणून आधी तुळयांची टोके जेथे भिंतीवर टेकतात तेथले मार्ग बंद करावेत, तारा-नळांची भोके बुजवावीत. मग तुळयांमधली पोकळी फळ्यांना भिडेल अशी ठासून भरावी. आक्काचे गुडघे त्या पोकळीमुळे दुखावले आहेत.

पण गारठ्याहून मोठी भीती निराळीच आहे. माझ्या आजोळी गोठा घराला लागून होता. गायींच्या श्वासाची ऊब माजघरापर्यंत येई आणि कोणी त्याला दोष देत नसे. मोटार मात्र गाय नव्हे! तिच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हिवाळ्यात उबदार घर धुराड्यासारखे वागते: गरम हवा वरून निसटते आणि तिच्या जागी घर खालून हवा ओढून घेते, गॅरेजातलीसुद्धा. बटण दाबून सुरू होणारी गाडी बंद करायची राहून गेल्याने झोपेतच माणसे दगावल्याच्या घटना अमेरिकेत घडलेल्या आहेत. जी फट आक्काच्या पायांना गारठा देते, तीच नातवाच्या नाकाशी विष आणू शकते. ही फट पुढच्या वर्षावर टाकायची?

तिकडच्या नमुना नियमावलीने हे धोके ओळखलेले आहेत. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये अर्धा इंच जाड जिप्समचा तक्ता हवा, वर राहती खोली असेल तर छताला पाच अष्टमांश इंचाचा अग्निरोधक तक्ता हवा. गॅरेजातून थेट निजायच्या खोलीत दार उघडता कामा नये. दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी असावी आणि ते आपोआप मिटावे. निजायच्या खोल्यांबाहेर या वायूची सूचना देणारी घंटा असावी. आणि दरवाजा उघडा आहे म्हणून गाडी आत उभी करून तापवत ठेवू नये.

कोणी म्हणेल, गॅरेजात पाण्याचे नळ गेलेले असतात, ते गोठून फुटतात. विजेची गाडी थंडीत कमी पळते, आणि तिला धूर कुठला? खरे आहे. नळांना अवश्य जपावे, पैसे उरले तर दरवाजाही बदलावा. पण गाडी विजेची झाली तरी बर्फ उडवण्याचे यंत्र आणि पेट्रोलचा डबा तेथेच असतात. माझा विरोध गॅरेजच्या अस्तराला नाही, क्रमाला आहे. आधी फटी, मग मधली भिंत आणि छत, मग दरवाजा. आधी माणसे, मग मोटार.

आणि मुलांइतकाच दोष आम्हा बायकांचाही आहे. मुलाला वाईट वाटेल म्हणून आक्का चार महिने गप्प राहिली. आईने सांगितलेच नाही, तर दिवसभर कचेरीत बसणाऱ्या मुलाला जमिनीचा गारठा कळणार कसा? आयांनो, मोजे चढवून सोसू नका. जमीन गार आहे, असे चारचौघांत सांगा!

आक्काला डिसेंबरात पुन्हा बोलावणे आले आहे. मी भाच्याला स्पष्ट कळवले आहे: गॅरेजचे छत भरल्याचा आणि घंटा बसवल्याचा फोटो आधी पाठव, मग तिकीट काढ. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "मावशी, पोकळी किती इंच खोल आहे ते मोजलंय. दरवाजा पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' मात्र मला मंजूर आहे.