वाघीण कुठे अडकली?

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आमच्या घरात आणि पुलगावला ताईच्या घरात एकाच कारणावरून भांडण पेटले. वाघीण हरवली होती. आता हिंगणीसारख्या गावात वाघीण हरवली म्हटले की माणूस आधी बोरच्या जंगलाकडे पाहतो. परंतु ही वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. वॅगन या साहेबी शब्दाची आपल्या लोकांनी केव्हाच वाघीण करून टाकली आणि वर्तमानपत्रेही कोळशाच्या वाघिणी असेच छापतात. आमची वाघीण तर पुठ्ठ्याची, काडेपेटीएवढी होती. तिच्यावरून दोन घरे आठवडाभर एकमेकांना फोनवर बोल लावीत होती.

वाचकहो, प्रकार मुळापासून सांगतो. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 साली ते सुरू झाले. खऱ्या गाडीच्या 87 पटींनी लहान अशा गाड्या तिथे पूल, बोगदे, सिग्नल ओलांडून धावतात. एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास गेलो तेव्हा मुलांना आणि भाच्याला तिथे नेले. सगळे हरखून गेले. बाहेर आल्यावर माझ्या थोरलीने विचारले, "बाबा, त्या मालगाडीत काय भरलं होतं? आणि ती चालली कुठं?" मला काही उत्तर देता आले नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या हौशी लोकांना फार पूर्वी पडला होता. घराच्या तळघरात रूळ टाकायचे, इंजिन फिरवायचे, आणि महिन्याभरात कंटाळायचे, असे त्यांचे चालले होते. 1961 साली डग स्मिथ नावाच्या गृहस्थाने त्यांच्या मासिकात एक पद्धत मांडली. प्रत्येक डब्यासाठी एक कार्ड. कार्डावर डब्याचा नंबर आणि प्रकार, आणि खाली एक खिसा. त्या खिशात एक चिठ्ठी, म्हणजे आपली बिल्टीच म्हणा. चिठ्ठीवर क्रमाने मुक्काम लिहिलेले: रिकामा डबा अमुक खाणीवर, तिथून कोळसा भरून तमुक गिरणीत, तिथून रिकामा परत. मुक्काम गाठला की चिठ्ठी उलटायची. मग गाडी जोडणाऱ्याला डबा मनाला येईल तिथे सोडता येत नाही. चिठ्ठी म्हणेल तिथेच शंटिंग करावे लागते.

पुढे लोकांनी याहून मजेदार गोष्ट केली. ओहायोचे ॲलन मॅक्लेलँड आणि न्यू जर्सीचे टोनी कोस्टर यांनी आपापल्या घरी काल्पनिक रेल्वे कंपन्या उभारल्या होत्या. दोघांनी ठरवले की या शेजारी कंपन्या आहेत, एकीचा माल दुसरीवर जातो. घरे कोसो दूर, रूळ कुठेच जुळलेला नाही. तरी इथून सुटलेला डबा तिथे पोहोचतो, कारण कागद पोहोचतो. युरोपात तर 1981 पासून फ्रेमो नावाची मंडळी आपापल्या रुळांचे तुकडे घेऊन एका मोठ्या सभागृहात जमतात, ते जोडतात आणि चिठ्ठ्यांवर मालगाड्या चालवतात.

विकतच्या गाड्या आमच्या पगारात बसणाऱ्या नव्हेत. हिंगणीला रेल्वेही नाही, जवळचे स्टेशन सेलू रोड. पण पुठ्ठा आणि डिंक घरात होता. आमच्याकडे फळीवर "हिंगणी" स्टेशन झाले, पुलगावला भाच्याच्या पलंगाखाली "पुलगाव". नकाशा खरा ठेवला. मुंबईकडे जाणारा माल इथून वर्धा करून पुलगाववरूनच जाणार. त्यामुळे आमची प्रत्येक कापसाची गाठ भाच्याच्या हद्दीतून जाऊ लागली. मुंबई म्हणजे त्याच्याकडचा चपलांचा खोका, आणि बल्लारशा म्हणजे आमच्याकडचा. बल्लारशाचा कोळसा पुलगावच्या कापड गिरणीला.

इंजिन अर्थातच धाकट्याने आणि भाच्याने बळकावले. थोरलीला म्हणाले, "तू लिहीत बस." ती नववीत आहे. तोंड पाडून वही घेऊन बसली. पंधरा दिवसांत चित्र पालटले. गाडी केव्हा सोडायची, कोणता डबा कुठे काढायचा, हे वहीवाली सांगणार आणि इंजिनवाले निमूट ऐकणार.

नंबरही तिनेच दिले, आणि ते खऱ्या पद्धतीने. आपल्याकडे डब्यावर अकरा आकडे असतात. पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. समजा पहिले दहा 2205091346 आहेत. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज 25, तिची तिप्पट 75. विषम जागांची बेरीज 7. एकूण 82. पुढचा दशक 90, म्हणून अकरावा आकडा 8. कोणी नंबर लिहिताना चुकला तर इथे पकडला जातो. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, तरी हे पाहून मलाही गुदगुल्या झाल्या.

आता हरवण्याचे कारण. डबे दर वेळी एस.टी.ने पाठवणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक वाघिणीचे जुळे केले. एकाच नंबरचा एक डबा इथे, एक तिथे. नियम असा की एक रुळावर असेल तेव्हा दुसरा पेटीत. आमच्याकडून डबा सुटला की थोरली तो पेटीत टाकणार आणि चिठ्ठीचा फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवणार. तो पाहून भाचा आपला जुळा रुळावर ठेवणार. झाले असे की गाठींनी भरलेली एक वाघीण इथून गेली, तिथे आलीच नाही. दोन्ही जुळे पेटीत. भाचा म्हणे तुम्ही पाठवलीच नाही. धाकटा म्हणे तूच लपवलीस.

मी थोरलीला जमा-नावे समजावले. इथे नावे पडले की तिथे जमा पडलेच पाहिजे. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "आणि मधल्या वेळात, बाबा?" बी.कॉम.ला बँकेच्या ताळमेळाचे पत्रक शिकलो होतो तेव्हा चेक दिला पण वटला नाही याचा रकाना समजायला मला महिना लागला होता. तिने वहीत तिसरा रकाना आखला: "वाटेत".

हे पाहताना मला आजोबा आठवले. ते एका मालधक्क्यावर हमाली करीत. पुलगाव-आर्वी लहान गाडी 1917 साली सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटी, मोठ्या लाइनचा साडेपाच फुटी. लहान गाडीची वाघीण मोठ्या रुळावर चढू शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी माल एका गाडीतून दुसरीत माणसाच्या पाठीवरून जाई. कापसाच्या दाबलेल्या गाठीचे वजन आज 170 किलो धरतात. डब्याच्या अंगाला लोखंडी चौकटीत लेबल असे, पण आजोबांना अक्षर येत नव्हते. एकदा त्यांनी विचारले, "कुठी चालली जी हे गाडी, बाबूसाहेब?" उत्तर आले, "तुले काय करायचं? गाठ उचल." ही गोष्ट ते हसत सांगत. आम्ही मात्र हसत नसू.

12 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब हेच बोलले होते. आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला साधा पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात. आणि कारकुनीसाठी आपली मॅट्रिक झालेली मुले उभी असता त्यांना दार बंद. आपली लाइनही त्याच जी.आय.पी.ची.

आता एकेकटी वाघीण भरून पाठवणे जवळजवळ संपले. कोळसा पन्नास-साठ डब्यांच्या अख्ख्या गाडीने जातो आणि त्याची नोंद क्रिस या 1986 साली स्थापन झालेल्या रेल्वेच्या संस्थेच्या संगणकावर राहते. त्यामुळे मुलांचा खेळ जुन्या काळातला आहे. मी त्यांना तसे सांगितले. थोरली म्हणाली, एकाच मालाची अख्खी गाडी असेल तर लिहायला काय उरते?

वाघीण अकराव्या दिवशी सापडली. ताईने परीक्षेसाठी मोबाइल कपाटात बंद करून ठेवला होता. चिठ्ठी आत पडून होती, कोणी उघडलीच नव्हती. भाच्याचा शेवटचा पेपर झाला तसा फोटो दिसला आणि वाघीण पुलगावात रुळावर आली.

मग डेमरेजचा प्रश्न निघाला. खेळात डबा अडकवून ठेवला तर दिवसाला एक चिंचोका दंड आहे. धाकट्याने अकरा मागितले. भाचा म्हणाला, "मामा, स्टेशनच बंद होतं तर दंड कसला?" मी थोरलीकडे पाहिले. तिने वही उघडून "वाटेत" या रकान्यावर बोट ठेवले. डबा पोहोचलाच नव्हता, तर अडकवला कोणी? धाकट्याला हे मुळीच पटलेले नाही. त्याचे म्हणणे, दंड आत्याने भरावा. ताईने रविवारी एस.टी.ने येताना चिंचोके आणले, पण मोजून सहाच.