सदतीसचा आकडा

जून २०२२ मध्ये रायगड जिल्ह्यातले शिवसेनेचे तिन्ही आमदार, कर्जतचे महेंद्र थोरवे, अलिबागचे महेंद्र दळवी आणि महाडचे भरत गोगावले, पक्षात बंड केलेल्या एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीत होते. भिवपुरीपासून खालापूरपर्यंतच्या मतदारांना आपला आमदार त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांवरच भेटत होता. तिथे दिसत होते हॉटेलचे फाटक, विमानतळावरची पळापळ, शहाजीबापू पाटलांची ‘काय झाडी, काय डोंगार’ (कर्जतकरांना दोन्हींचे अप्रूप नाही) आणि पडद्याच्या कोपऱ्यात चढत जाणारा आमदारांचा आकडा. शिवसेनेच्या ५५ पैकी ३७ जमले की पक्षांतरबंदीतून सुटका, हे इतक्यांदा सांगितले गेले की लोक तोच कायदा समजले.

कायदा तसे म्हणत नाही. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होते. ते ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्येच काढून टाकले. उरले विलीनीकरण, आणि दोन तृतीयांशांची अट त्यासाठी आहे. शिंदे गट तर कुठेच विलीन होत नव्हता. आपणच शिवसेना, असे तो म्हणत होता. तेव्हा वाद सदतीसचा नव्हताच. प्रतोद कोणी नेमायचा आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी कशाच्या आधारे बोलवायची, यावर सारे अडले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालात हेच मुद्दे आले. प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, फुटीचा बचाव आता चालणार नाही, राज्यपालांपाशी चाचणीसाठी पुरेसा आधार नव्हता, असे न्यायालय म्हणाले. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. हे मुद्दे ज्या दिवसांत लोकांपुढे यायला हवे होते, त्या दिवसांत माध्यमे खोल्या मोजत बसली.

न्यायालयाला जे ठरवायला महिने लागले, ते वार्ताहराने एका रात्रीत कसे सांगावे, असे कोणी विचारील. निकालाचे भाकीत त्याच्याकडे कोणी मागितलेले नाही. ते फसलेही असते, कारण जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. पण जे कलम २००३ मध्येच रद्द झाले, ते रद्द झाले आहे एवढे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. वेळ नसतो, ही सबबही टिकत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याची बातमी वाचकाच्या हातात असतानाच देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली. ती बातमी चुकली, असे म्हणता येत नाही. आदल्या संध्याकाळी शरद पवार तेच बोलले होते. त्यानंतर मात्र, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता कामकाज नियमावलीच्या १२ व्या नियमाने राष्ट्रपती राजवट कशी उठवली गेली, ते पत्रकारांनी त्याच दिवशी शोधून काढले. करायचे ठरवले तर जमते. आणीबाणी लादली त्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांची वीज तोडावी लागली होती. २०२२ मध्ये कोणाच्या तारेला हात लागला नव्हता.

नाट्य रंगात असते तेव्हाही कारभार थांबत नाही. २९ जून २०२२ ला ठाकरे सरकारच्या अखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीत नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यायचे ठरले; नव्या सरकारने तो निर्णय नियमबाह्य ठरवून जुलैत स्वतः पुन्हा घेतला. पुढच्या वर्षी २ जुलैला अजित पवार सरकारात आले, पुन्हा आकडे मोजणे सुरू झाले, आणि ऑगस्टमध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरशी भिवपुरीच्या १००० मेगावॉट उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. पाणी किती, जमीन कोणाची, गावांना काय मिळणार, हे प्रश्न घेऊन भिवपुरीत उतरणारे कॅमेरे किती होते?