ताकद इंजिनाची, कसोटी ॲक्सलची

अमेरिकेतील डॉज कंपनीने मार्च २०२३ मध्ये लास वेगास येथे ‘चॅलेंजर एसआरटी डीमन १७०’ ही मोटार सादर केली, तेव्हा चर्चा झाली ती तिच्या १,०२५ अश्वशक्तीची. इथेनॉलमिश्रित ‘ई८५’ इंधनावर तिने पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर ८.९१ सेकंदांत कापले. ड्रॅग रेसिंगचे नियमन करणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने त्यावर कंपनीला पत्र पाठवून बजावले, की नऊ सेकंदांच्या आत धावणारी ही मोटार कारखान्यातून येते त्याच स्थितीत, संरक्षक पिंजऱ्याविना, संघटनेच्या मान्यताप्राप्त धावपट्टीवर उतरवता येणार नाही. कंपनीने हे पत्र प्रशस्तिपत्रकाप्रमाणे मिरवले. या गाजावाजात खरा प्रश्न मात्र बाजूला पडला. एवढी ताकद, काही मोडू न देता, चाकांपर्यंत पोहोचवायची कशी?

ताकद वाढवणे हे आता फारसे अवघड राहिलेले नाही. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. जादा हवेबरोबर जादा इंधन जळते. पट्ट्याची पुली लहान केली की पंप अधिक वेगाने फिरतो. इंधनपुरवठा आणि संगणकीय नियंत्रण त्यानुसार जुळवले, की अश्वशक्ती वाढते. हौशी मालक नेमके हेच करतात आणि पहिल्याच शर्यतीत ॲक्सल तुटून मोटार ओढून न्यावी लागते.

घाव पहिल्या क्षणाचा

याचे कारण साध्या गणितात आहे. ‘डीमन १७०’चे इंजिन सुमारे १,२८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, निर्माण करते. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो दहापटींहून अधिक वाढवतात. हा सारा जोर मागच्या दोन ॲक्सलना सोसावा लागतो. तरीही एकसारखा पडणारा भार पोलाद सहसा पेलते. ते तुटते ते धक्क्याने. गिअरच्या दात्यांत आणि सांध्यांत थोडी ढिलाई असतेच. मोटार सुटताना ती ढिलाई एकदम भरून निघते आणि दात्यावर दाता घणासारखा आदळतो.

टायर घसरला तर हा धक्का विरून जातो. एका अर्थाने घसरणारा टायर हा या यंत्रणेचा फ्यूजच असतो. चिकट टायर आणि राळेचा लेप दिलेली धावपट्टी हा फ्यूज काढून घेतात. टायर पकड घेतो, सोडतो, पुन्हा घेतो आणि मागचे चाक थडथड उडू लागते, ही सर्वांत घातक अवस्था. या ‘व्हील हॉप’मध्ये ॲक्सल क्षणात पिळला जातो, क्षणात सुटतो आणि अखेर तुटतो.

उपाय केवळ जाडीचा नव्हे

२००९ च्या कॅडिलॅक ‘सीटीएस-व्ही’ या सुपरचार्जरयुक्त मोटारीत अभियंत्यांनी एक ॲक्सल ५५ मिलिमीटर, तर दुसरा ३५ मिलिमीटर जाडीचा ठेवला. दोन्हींचा पिळाला होणारा विरोध वेगळा असल्याने त्यांची कंपने एकमेकांत मिसळून वाढत नाहीत. २०१८ च्या पहिल्या ‘डीमन’मध्ये ॲक्सल आणि प्रॉपेलर शाफ्ट भक्कम केलेच, शिवाय ‘ट्रान्सब्रेक’ दिला. तो गिअरबॉक्सचा बाहेर पडणारा शाफ्ट अडवून धरतो. त्यामुळे चाके थांबलेली असतानाच सुपरचार्जरचा दाब वाढतो. चाकांची थडथड सुरू होताच संगणक सेन्सरवरून ती ओळखतो आणि इंजिनाचा जोर तेवढ्यापुरता आवरतो. ड्रॅग टायरची मऊ बाजू दुमडून उरलेला धक्का झेलते.

मालकाच्या हाती उरते ती शिस्त. टायर ओल्या जागेत फिरवून तापवावेत, पण चाके गरगर फिरत असताना कोरड्या, चिकट पट्टीवर येऊ नये. तेथे अचानक मिळणारी पकड ॲक्सलच्या मुळावर येते. टायरमधील हवा बेताने कमी करावी. थडथड सुरू झाली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. ती फेरी हातची जाईल, पण यंत्रणा वाचेल. पुली बदलण्याआधी ॲक्सल, सांधे आणि प्रॉपेलर शाफ्ट यांच्यावर खर्च करावा, हा क्रम तर कधीच उलटू नये.

प्रश्न केवळ खर्चाचा नाही. प्रॉपेलर शाफ्टचे पुढचे टोक तुटून रस्त्यात रुतले, तर मोटार उचलली जाऊन उलटू शकते. वेगवान मोटारींना शाफ्टभोवती पोलादी कडे बसवण्याची सक्ती होते ती यासाठीच.

‘चॅलेंजर’चे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टन कारखान्यात थांबले. विकल्या गेलेल्या मोटारी मात्र पुढेही हात बदलत राहतील आणि प्रत्येक नव्या मालकाला आणखी शंभर अश्वशक्तींचा मोह पडेल. विजेच्या मोटारींमुळेही हा प्रश्न मिटत नाही. त्यांचा टॉर्क तर पहिल्या फेरीपासूनच पूर्ण असतो. धावपट्टीवर मोजला जातो तो चाकांपर्यंत शाबूत पोहोचलेला जोर. बाकीची अश्वशक्ती कागदावरच राहते.