डब्यातली गोळी आणि तिची मर्यादा

आमच्या घरात औषधांचा एक डबा आहे. मुळात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. अम्मीच्या काळापासून तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि घरातल्या प्रत्येक दुखण्याचे उत्तर त्यात आहे, असा आम्हा सगळ्यांचा समज होता. दोन वर्षांपूर्वी गावी एका लग्नाच्या दावतीत तो समज मोडला.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, समुद्र जवळ. साहजिकच दावतीत कोळंबी होती. माझा मामेभाऊ, वय एकोणीस, जेवून उठला आणि दहाएक मिनिटांत त्याच्या मानेवर, हातांवर गांधी उठल्या. खालाने तत्परतेने पर्समधून गोळी काढून दिली. "अ‍ॅलर्जीची आहे, घे, आत्ता बरं वाटेल." त्याने घेतली. आम्ही निश्चिंत झालो, कोणी चेष्टाही केली. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. आम्ही म्हणालो, जेवण बाधले असेल. मग त्याचा आवाज बसला. तो म्हणाला, "घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय." त्यावर आमच्यातल्याच एका मोठ्या माणसाचे उत्तर होते, "गोळी घेतलीयस ना? थांब जरा, असर व्हायला वेळ लागतो."

हे थांबणे त्याच्या जिवावर बेतले असते. शेवटी कोणीतरी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिले आणि मगच आम्हाला विचारले, "केव्हापासून?" आम्ही सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गोळी देऊन वाट बघत बसलात, तिथे चुकलं."

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि ओळखीच्या डॉक्टरांना विचारत राहिलो. आज लिहितोय, कारण तो डबा फक्त आमच्या घरात नाही.

अ‍ॅलर्जीची गोळी म्हणजे अँटिहिस्टामाइन. शरीरात हिस्टामाइन नावाचे द्रव्य सुटले की खाज येते, गांधी उठतात, नाक वाहते, शिंका येतात. ही गोळी हिस्टामाइनचे काम अडवते. तिचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात क्लोरफेनिरामाइन आणि अ‍ॅव्हिल या नावाने घराघरांत माहीत असलेली फेनिरामाइन. ही औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात, म्हणून झोप येते. नव्या प्रकारात सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन. यांनी झोप बरीच कमी येते, फेक्सोफेनाडिनने सर्वांत कमी. सेटिरिझिनने मात्र काहींना गुंगी येतेच.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे: झोप आली म्हणजे औषध लागू पडले. झोप हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे, गुण नव्हे. रात्री मोटारसायकल चालवत घरी जाणाऱ्याला, यंत्रावर काम करणाऱ्याला ही गोळी द्यायची म्हणजे एक संकट टाळताना दुसरे बोलावणे. म्हाताऱ्या माणसांना तर जुन्या गोळ्यांनी भ्रम होतो, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. माझ्या मते घरच्या डब्यात नव्या प्रकारातले एकच औषध असावे. कोणते, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठरवावे, विशेषतः घरात मूत्रपिंडाचा रुग्ण, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर. मूत्रपिंड अशक्त असेल तर सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. मुलांची मात्रा वेगळी असते. मोठ्यांच्या गोळीचा अंदाजे तुकडा मोडून देणे बरे नव्हे. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतले तर अंगात नीट शोषले जात नाही, साध्या पाण्याबरोबर घ्यावे.

दुसरा आग्रह: औषध एकच घटक असलेले असावे. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत अँटिहिस्टामाइनबरोबर पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन असते. अंगाला खाज सुटली म्हणून ती गोळी घेतली, तर नको असलेली दोन औषधे पोटात जातात. आणि त्याच दिवशी तापासाठी पॅरासिटामॉल घेतले असेल तर मात्रा नकळत दुप्पट. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात दिला. आपल्यापैकी किती घरांत तो पोहोचला?

तिसरी गोष्ट साधी आहे. औषधाच्या दुकानात आपण चार गोळ्या मागतो, दुकानदार पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. वर्षभराने डब्यात निनावी गोळ्या उरतात आणि आपण रंगावरून ओळखतो. आमच्या डब्यात अशा सात पट्ट्या निघाल्या. अख्खी पट्टी घ्या. या गोळ्या महाग नाहीत, जनऔषधी केंद्रात तर आणखी स्वस्त मिळतात. आणि कोणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढून टाका. त्यांचा असर व्हायला तास लागतात आणि त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नसतात.

पण हे सगळे नीट केले तरी त्या दिवशी मामेभावाला त्याचा उपयोग नव्हता. त्याला झाले होते ते अ‍ॅनाफिलॅक्सिस. त्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. हे सगळे काही मिनिटांत होऊ शकते. अँटिहिस्टामाइनचा असर सुरू व्हायलाच साधारण तासभर लागतो, आणि झाला तरी तो खाजेवर आणि गांधींवर. कोसळणाऱ्या रक्तदाबावर किंवा बंद होणाऱ्या घशावर नाही. तिथे एकच औषध पहिले: अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. 2021 मध्ये कोविडची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवत, ते आठवते? ते प्रामुख्याने याच्याच भीतीने.

म्हणून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. केवळ खाज आणि गांधी असतील तर गोळी द्या आणि लक्ष ठेवा. पण आवाज बदलला, घसा दाटला, जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, किंवा अ‍ॅलर्जीची वस्तू खाल्ल्यावर वा गांधीलमाशी चावल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, तर गोळीची वाट बघू नका. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. बरे वाटले तरी दवाखान्यातून लगेच परतू नका, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

रमजानचेही सांगायला हवे. नव्या गोळ्यांपैकी बऱ्याच दिवसातून एकदाच घ्यायच्या असल्याने साध्या खाजेसाठी इफ्तारनंतर गोळी घेता येते, काही बिघडत नाही. पण श्वास अडकत असताना "मगरिबपर्यंत कळ काढतो" म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. आजाऱ्याला रोजातून सवलत कुराणानेच दिली आहे. ती नाकारण्यात कसली परहेजगारी?

काही वाचक म्हणतील, मी उगाच घाबरवतो आहे. शंभरदा गांधी उठतात आणि आपोआप जातात. खरे आहे. बहुतेकदा गोळी पुरते, म्हणूनच ती डब्यात हवी. पण प्रत्येक वेळी पुरल्यामुळेच ती आपल्याला गाफील करते, ही माझी तक्रार आहे.

आणि एक तक्रार व्यवस्थेकडे. परदेशात अ‍ॅलर्जीचे रुग्ण अ‍ॅड्रेनॅलिनचे तयार पेन खिशात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, मिळाले तर सामान्य माणसाला परवडत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनची साधी कुपी मात्र स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. मग ती गावातल्या प्रत्येक दवाखान्यात, रात्री अकरा वाजताही, देणाऱ्या हातासकट का असू नये? ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, नळ मागतो. हेही मागावे.

मामेभाऊ आता बरा आहे. डॉक्टरांनी त्याला लिहून दिले आहे की पुन्हा असे झाले तर कोणी काय करायचे, आणि तो कागद त्याच्या पाकिटात असतो. दावतीला जातो, पण ताटात हात घालण्याआधी विचारतो, "यात कोळंबी आहे का?" आधी लोक हसायचे. आता खालाच त्याच्या आधी विचारते.