घर बघायला सोमवारी जा



"उधना सोडून चलथाणला गेलास, ते बरं केलंस का?" हा प्रश्न वर्षभरात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारला. आज एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

उधन्यात आम्ही पाच जण वन-बीएचकेत राहत होतो. चलथाणला माझ्या बजेटमध्ये टू-बीएचके बसत होता. साखर कारखान्याचं हे गाव सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, म्हणजे नंदुरबारकडच्या आपल्या गावाचेच रूळ. मी इंजिनिअर, लगेच एक्सेल शीट केली. भाव, हप्ता, किलोमीटर. चलथाण जिंकलं.

रविवारी सकाळी बाइकवरून घर बघायला गेलो, अर्ध्या तासात पोहोचलो. आईने खोल्या पाहिल्या, गॅलरीतून ऊस पाहिला आणि एवढंच विचारलं, "आठे आपलं कोन शे?" माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

राहायला आल्यावर पहिल्या सोमवारी ऑफिसातून घरी यायला सव्वा तास लागला. मुंबई–अहमदाबाद महामार्ग कडोदऱ्यातून जातो. संध्याकाळी तिथल्या चार रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि हंगामात उसाच्या गाड्या! रविवारचा अर्धा तास मी वर्षभरासाठी खरा धरला होता.

त्याहून मोठी चूक शाळेची. उधन्यात लेक महानगरपालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला होती. चलथाण पालिकेच्या हद्दीबाहेर. आमच्या सोसायटीजवळ शाळा दोनच, एक गुजराती आणि एक इंग्रजी. तिला गुजरातीत घातलं. ती रमली, पण आता मराठी वाचताना अडखळते. रोज रात्री आई तिच्याकडून एक पान वाचून घेते. शाळेची भरपाई त्यातून होत नाही, हे मी कबूल करतो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिवाळीनंतर मिळालं. ऊसतोडीला धुळे-नंदुरबारकडची कुटुंबं आली, गावाबाहेर पालं पडली. किराणा दुकानात आईने एका बाईची बोली ओळखली आणि दोघी तासभर अहिराणीत बोलत उभ्या राहिल्या. घरी येऊन म्हणाली, "आपलं मानूस शे आठे." ही माणसं वर्षानुवर्षं इथे येतात. मी फ्लॅटमध्ये आपली माणसं शोधत होतो, म्हणून मला ती दिसली नव्हती.

तर बरं केलं का? घर ऐसपैस झालं, आई-दादांना स्वतःची खोली मिळाली. मुलीची मराठी शाळा गेली. पुन्हा निवडायचं झालं तर मी आधी शाळा बघेन, मग खोल्या मोजेन.

तुम्ही बारडोली, पलसाणा, सचिन, कुठेही घर बघत असाल तर रविवारी जाऊ नका. सोमवारी ऑफिस सुटल्यावर निघा आणि आईला सोबत न्या. तिचा प्रश्न शीटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.