बाहुलीचे माप अंदाजाने किती काळ?

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचे एक टोक पनवेलनजीक कळंबोलीला आहे. अपघातात डोक्याला मार लागलेले रुग्ण या परिसराला नवे नाहीत. मेंदूवरील दाब वाढला की एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी होऊ शकते. बेशुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो मापनपद्धतीला २०१८ मध्ये बाहुलीच्या प्रतिसादाचीही जोड देण्यात आली. तपासणीचे साधन मात्र बहुधा विजेरी आणि नजर! एकाला ३ मिलिमीटर वाटणारी बाहुली दुसऱ्याला ४ वाटते. हातात मावणारे प्युपिलोमीटर अवरक्त प्रकाशात नेमके माप घेते, पण ते महागडे. तोवर मिलिमीटरची वर्तुळे छापलेली साधी पट्टी प्रत्येक रुग्णवाहिकेत का असू नये? डोळ्यांत घातलेले थेंब, अफूजन्य औषधे यांचाही बाहुलीवर परिणाम होतो. म्हणून माप, वेळ आणि दिलेली औषधे एकत्र नोंदवली, तरच रुग्णालयातील डॉक्टरला तुलना करता येईल.