गोवर, सरासरी आणि आपल्या मुलांचं लसीचं कार्ड

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण सुट्टीची तिकिटं काढण्याआधी वाचाच.

परवा खफजीत आमच्याकडे चार मराठी घरं जेवायला होती. गोवराचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, "तो झोपडपट्टीतला आजार, आपल्या मुलांना कशाला होतोय?" मला हे अजिबात पटलं नाही.

2022 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा सगळ्यात मोठा फटका गोवंडीला बसला. लहान मुलं दगावली. भिवंडी, मालेगावातही साथ पसरली. लस तीच, सरकारी केंद्रात फुकट मिळणारी. मग ठरावीक भागांतच एवढं का? दाटी, कुपोषण, कोरोनात राहून गेलेले डोस आणि लसीची भीती. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या 12 ते 18 जणांना लागण करू शकतो, म्हणून 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण लागतात. तेही प्रत्येक वस्तीत.

मी सीए, म्हणून माझा सरासरीवर भरवसा नाही. समजा सारख्याच आकाराच्या दहा वस्त्या आहेत. नऊ ठिकाणी 98 टक्के लसीकरण, एका ठिकाणी 70. सरासरी 95.2 येते. कागदावर सगळं उत्तम, आणि साथ त्या दहाव्या वस्तीत घुसते.

आता आपलं बघू. आमच्या लेकीचा पहिला डोस नवव्या महिन्यात पुण्यात झाला. दुसरा 16 ते 24 महिन्यांत हवा, नेमके तेव्हाच आम्ही इकडे आलो. मला वाटलं तो तिकडे झाला, नवऱ्याला वाटलं इकडे झाला. शाळेच्या प्रवेशाला कार्ड काढलं तेव्हा रकाना रिकामा! लोकांचे हिशेब तपासणारी मी, घरचाच ताळमेळ राहिला. म्हणजे ती दहावी वस्ती आमच्याच घरात होती.

म्हणून एवढंच करा. दोन्ही देशांची कार्डं शेजारी ठेवून तारखा जुळवा. भारतातल्या सरकारी एमआर लसीत गोवर आणि रुबेला असतं, गालगुंड नसतं. इथल्या एमएमआरमध्ये तिन्ही असतात. तान्हं बाळ घेऊन जाणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. साथीच्या भागात नऊ महिन्यांआधी जादा डोस देतात, पण तो मोजायचा नसतो, पुढचे दोन घ्यावेच लागतात.

गोवंडीतल्या आईकडे वेळ नव्हता, केंद्र लांब होतं, मजुरी बुडत होती. आपल्याकडे यातलं कुठलं कारण आहे, सांगा बरं?